वाचक विचारतात : पावली, रिंगण, फुगडी आणि गजी

ज्येष्ठ लागला की या सदराकडं येणारे प्रश्न आपोआप वारीच्या वाटेला लागतात आणि यावेळी तर बरेचसे नाचाबद्दलच आलेत, म्हणजे हरिपाठातल्या पावल्या, बायकांची फुगडी, रिंगण, आपल्या सांगलीकडची धनगरांची गजी असं सगळं. म्हणून यावेळचं सदर त्यालाच देऊन टाकलंय. नाव छापू नका असं बऱ्याच जणांनी लिहिलंय, त्यामुळं सगळ्यांचं फक्त गाव किंवा तालुकाच ठेवलाय.

प्रश्न : मी बेचाळीस वर्षांचा, इतकी वर्षं पुण्यात नोकरी केली आणि आता शेती बघायला गावी परत आलोय. सप्ताहात संध्याकाळी हरिपाठ लागतो, माझ्या वयाची माणसं पावल्या खेळतात आणि मी मंडपाच्या खांबाला टेकून बघत उभा. लई वाटतं उतरावं पण पायच उचलत नाही, लोक हसतील असं वाटतं. यूट्यूबवर बघून घरी करून बघितलं, ते पण जमेना. पावलीचा क्लास असतो का कुठं? (तालुका कोरेगाव)

दादा, आधी हसण्याचं बोलू. हरिपाठात कुणी कुणाला हसत नाही, कारण तिथं उभा असलेला प्रत्येक माणूस कधीतरी चुकीच्या पायावर चुकीच्या वेळी गिरकी घेऊन शेजाऱ्यावर आदळलेला असतो. बाहेर खांबाला टेकलेल्या माणसाला आत काय चाललंय ते फार सफाईदार दिसतं, आत गेल्यावर कळतं की निम्म्या लोकांचं लक्ष मृदंगाकडं असतं आणि उरलेल्यांचं समोरच्याच्या पायाकडं. तुमच्याकडं बघायला वेळ कुणाला आहे?

क्लास म्हणाल तर आळंदीला जोग महाराजांनी १९१७ साली वारकरी शिक्षण संस्था काढली, तिथं पोरं वर्षानुवर्षं राहून गाथा, ज्ञानेश्वरी, कीर्तन शिकतात, आता तर गावोगावी उन्हाळ्यात बालसंस्कार शिबिरं पण भरतात. पण तुम्हाला त्यातलं काही नको. तुम्हाला गावातला एक म्हातारा टाळकरी पाहिजे, तो सत्तरीचा असला तर अजून बरं, कारण म्हातारी माणसं कमी हलतात पण बरोबर ठिकाणी हलतात. हरिपाठाला दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात, त्यात शेपटाला, म्हणजे मृदंगापासून लांबच्या टोकाला, त्या म्हाताऱ्याच्या समोर उभं राहायचं. शेजारी नाही, समोर. समोर असला की त्याचे पाय दिसतात आणि तो पुढं आला की आपण पण पुढं, तो मागं सरला की आपण मागं, मधे सगळे जवळ येतात आणि परत लांब होतात, एवढं जमलं की पहिला आठवडा पार पडला.

पहिले काही दिवस टाळ हातात घेऊच नका. यूट्यूबवर बघून जमत नाही त्याचं हेच कारण आहे, हात आणि पाय दोन्ही एकदम करायला जाता आणि तोंडात तर अभंग नाहीच. आमच्याकडं उलटं शिकवतात, आधी तोंड, मग पाय, मग हात. तोंडाचं सोपं आहे. हरिपाठ 'देवाचिये द्वारी' पासून सुरू होतो आणि पुढं चरणं बदलत जातात पण धृपद तेच राहतं, 'हरि मुखे म्हणा हरि मुखे म्हणा', ते पुन्हा पुन्हा येतं. म्हणजे नवीन माणसाला सगळा हरिपाठ पाठ नसला तरी एका ओळीवर तो सगळ्यांच्या बरोबरीनं गाऊ शकतो. मला नेहमी वाटतं की हे मुद्दाम असं ठेवलंय, कुणी बाहेर राहू नये म्हणून. तोंडात शब्द असले की पाऊल आपोआप कुठं पडायचं ते कळतं, नुसते आकडे मोजत पाऊल टाकणारा माणूस दुसऱ्याच कडव्याला अडखळतो.

पायाचं म्हणाल तर भजनी ठेका आठ मात्रांचा, मृदंगाच्या डाव्या अंगाला जो घुमारा निघतो तो ऐकायचा. सुरुवातीची पावली अगदी साधी असते, उजवा पाय पुढं टाकला की परत जागेवर, मग डावा तसाच, अंग थोडं वाकवून. गावागणिक यात फरक आहे, तुमच्या गावात जे आहे तेच शिका, आमचं शिकू नका. लय वाढली की गिरकी येते, बसून उठणं येतं, उडी येते, ती मृदंगी इशारा करतो तेव्हा. त्यावेळी तुम्ही जागेवर उभं राहून टाळ्या वाजवल्या तरी चालतं, तुमच्यामुळं रांग तुटत नाही.

टाळाचं एकच सांगतो. दोन्ही वाट्या सपाट एकमेकीवर आपटायच्या नाहीत, तसं केलं की मधे हवा अडकते आणि आवाज बसतो, 'थप' असा येतो. कडेला कड थोडी सरकवून लावायची म्हणजे आवाज मोकळा सुटतो आणि लांबत राहतो. दोरी बोटांना घट्ट गुंडाळली की तळहात सोलवटतो, तेव्हा थोडी ढील ठेवा. कपड्याचं विचारलं नाहीत तरी सांगतो, धोतर-टोपी असली तर छानच, नसली तर पायजमा चालतो, पॅन्टवर पण कुणी हाकलत नाही, फक्त चप्पल मंडपाबाहेर.

आणि हरिपाठ संपला की लगेच खुर्चीकडं पळू नका. शेवटी सगळे एकमेकांच्या पाया पडतात, लहान मोठ्याच्या तसाच मोठा लहानाच्या, पंचाहत्तरीचा आजोबा आठवीतल्या पोराच्या पायाला हात लावतो. तुकोबांचा 'खेळ मांडियेला वाळवंटी घाई' अभंग आहे ना, चंद्रभागेच्या वाळवंटात वैष्णव नाचतायत, क्रोध आणि अभिमान पायाखाली घातलाय आणि एकमेकांच्या पाया पडतायत असं त्यात आहे. म्हणजे पाया पडणं हे नाचाच्या नंतरचं काम नाही, नाचाचाच भाग आहे. तुम्ही सगळ्या पावल्या चुकलात आणि एवढं मनापासून केलंत तरी त्या दिवशीचा हरिपाठ तुम्हाला घडला असं मी म्हणेन. तेव्हा येत्या सप्ताहात पहिल्या दिवशीच उतरा, शेवटच्या दिवसाची वाट बघू नका, काल्याच्या कीर्तनाला गर्दी इतकी असते की पाय ठेवायला जागा नसते.

प्रश्न : आमचं पोरांचं हरिपाठ मंडळ आहे, आम्ही स्पर्धेला जातो. सगळ्यांचे सारखे ड्रेस, सगळ्यांचं पाऊल एकदम, शेवटी मनोरा पण करतो आणि वरचा पोरगा मृदंग वाजवतो. बक्षिसं मिळतात. पण गावातली जुनी माणसं म्हणतात हे भजन नव्हे, ही कसरत आहे. कोण बरोबर? (तालुका खानापूर, जि. सांगली)

पोरांनो, एका सुरात पंचवीस-तीस जणं मृदंगाच्या एका थापेवर बसली आणि एका थापेवर उठली की बघणाऱ्याच्या अंगावर काटा येतो, माझ्याही येतो, आणि त्यामागं किती रात्रींची प्रॅक्टिस असते ते मला माहितीये. मोबाईल सोडून पोरं देवळात घाम गाळतायत याबद्दल जुन्या माणसांनी आधी तुमची पाठ थोपटायला पाहिजे होती. नाचणं आपल्या संप्रदायाला वर्ज्य नाहीच, नामदेवरायांनी कीर्तनाच्या रंगात नाचायचं सांगून ठेवलंय.

पण जुन्यांचं दुखणं पण समजून घ्या. मी काही स्पर्धा बघितल्यात, त्यात अभंगाचा शब्द ऐकूच येत नाही, नुसता ठेका आणि आरडाओरडा. विणेकरी कोपऱ्यात ढकललेला असतो कारण त्याचं पाऊल साच्यात बसत नाही. आणि सिनेमातल्या गाण्याची चाल हरिपाठाला लावतात, हे मला अजिबात पटत नाही, गौळणीला, भारुडाला बाहेरची चाल लावायची मुभा लोक घेत आलेत, भारुड तर सोंगाचंच असतं, पण हरिपाठाची चाल शेकडो गावांत एक आहे म्हणून तर परक्या गावचा माणूस पण येऊन रांगेत मिसळतो. ती बदलली की दार लावल्यासारखं होतं.

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकली ती शेवटची ओळ, जी मी वर छापली नाही, की 'नवीन पोराला आम्ही सहा महिने बाहेर बसवतो, नाहीतर सेट बिघडतो'. स्पर्धेच्या संघापुरतं हे ठीक आहे, पण गावातल्या रोजच्या हरिपाठाला पण तुम्ही तेच करत असाल तर जुनी माणसं बरोबर आणि तुम्ही चूक. दोन वेगळं ठेवा. स्पर्धेचा संघ वेगळा, त्यात मनोरा करा, खाली गादी टाका आणि वरच्या पोराला घसरू देऊ नका. आणि एकादशीचा, सप्ताहाचा हरिपाठ सगळ्यांना मोकळा, ज्याला पाऊल येत नाही त्याला तर हाताला धरून आत घ्या. मनोऱ्यावर चढणाऱ्या पोरानं त्या दिवशी शेपटाला उभं राहून नवीन पोराला पाऊल दाखवलं तर गावातलं एक पण म्हातारं तुम्हाला बोलणार नाही.

प्रश्न : पावलीत बायकांनी टाळ घ्यायचा का? आमच्याकडं म्हणतात बायकांनी तुळस घ्यावी, फुगडी खेळावी, टाळ-पावली गड्यांची. आम्ही दहा-बाराजणी आहोत, शिकायची इच्छा आहे. (कराड)

ताई, तुम्ही कराडच्या आणि तुम्ही हे विचारताय! संत सखू कराडची. सासरच्यांनी वारीला जाऊ नये म्हणून खांबाला बांधून घातली आणि तिच्या जागी खांबाला विठोबा स्वतः बांधून घेऊन उभा राहिला अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतोय. देवानं जिच्यासाठी दोर गळ्यात घेतला तिच्या गावात बाईनं टाळ घ्यायचा का हा प्रश्नच राहू नये. मुक्ताबाई, जनाबाई, मंगळवेढ्याची कान्होपात्रा, तुकोबांना गुरू मानणारी बहिणाबाई, कुणाकुणाची नावं घ्यायची.

तुळशीचं मात्र कमी लेखू नका. दिंडीत पुढं पताका, मग टाळकरी, मृदंग, विणेकरी आणि मागं डोक्यावर तुळशी वृंदावन घेतलेल्या बायका, दिवसभर ऊन-पाऊस डोक्यावर घेऊन ती तुळस न हलवता चालणं हे पावलीपेक्षा सोपं आहे असं कुणी म्हटलं तर त्याच्या डोक्यावर ती तुळस एक कोस द्या. आणि फुगडीही फक्त बायकांची नाही, वारीत गडी पण घालतात, सत्तरीच्या जोडीदारणी घालतात, बंदोबस्तावरच्या महिला पोलीस पण घालतात, पायाचे चवडे जुळवले, हाताची अढी घातली, मागं झुकलं की वय राहत नाही.

आता टाळाचं. परवानगी मागू नका, सुरू करा. एकादशीला दुपारी देऊळ मोकळं असतं, तिथं बसा, आधी बसून हरिपाठ, मग उभं राहून. आपल्या जिल्ह्यात किती तरी गावांत महिला हरिपाठ मंडळं उभी राहिलीत, सगळ्या नऊवारीत किंवा सारख्या पातळात पावल्या खेळतात आणि बघणारे गडी गप्प होतात. अडचण एकच येते, मृदंगाची. गावातला मृदंगी यायला तयार असतो पण त्याला शेतातून वेळ नसतो, मग सगळं त्याच्यावर अडतं. त्यामुळं पहिल्या दिवसापासून एका मुलीला मृदंगावर बसवा. तिला यायला वर्ष लागेल, लागू द्या. ज्या मंडळाचा मृदंग स्वतःचा ते मंडळ टिकतं, बाकीची दोन आषाढ्यांत बंद पडतात.

प्रश्न : आमच्या सातारा जिल्ह्यातून माऊलींची पालखी जाते एवढंच आम्हाला माहिती. पण एक पाहुणे म्हणाले वारीची शिस्तच साताऱ्याच्या माणसानं लावली. खरं का? (सातारा)

अगदी खरं. हैबतबाबा आरफळकर, आपल्या सातारा तालुक्यातल्या आरफळचे. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते. गावी परतताना वाटेत भिल्लांनी लुटलं आणि गुहेत कोंडलं, तिथं ते हरिपाठ म्हणत राहिले, एकविसाव्या दिवशी नायकाच्या घरी मुलगा झाला आणि त्या आनंदात त्यांना सोडलं, अशी आख्यायिका सांगतात. तिथून ते घरी न जाता आळंदीला गेले आणि तिथंच राहिले.

आधी पालखी नव्हती असं नाही. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायणमहाराजांनी १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला, त्यात तुकोबा आणि माऊली दोघांच्या पादुका एकत्र जायच्या. पुढं १८३२ च्या सुमारास हैबतबाबांनी माऊलींचा सोहळा वेगळा केला. शिंद्यांच्या फौजेत राहिलेला माणूस तो, त्यानं फौजेची शिस्त भजनाला लावली, दिंड्या, त्यांचा क्रम, मुक्काम, तंबू, अश्व. बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीच्या शितोळे सरकारांनी तंबू-घोडे दिले आणि आज पण माऊलींचा अश्व अंकलीहूनच येतो. आज रथापुढं सत्तावीस दिंड्या आणि बाकीच्या मागं हा जो क्रम दिसतो त्याची मुळं तिथं आहेत. आळंदीला महाद्वारात हैबतबाबांची पायरी आहे, कार्तिकी यात्रेची सुरुवात त्या पायरीच्या पूजेनं होते. आपल्या जिल्ह्यातल्या शाळेत पोरांना हे सांगत नाहीत याचं मला वाईट वाटतं. आरफळ काही लांब नाही, एकदा जाऊन या.

प्रश्न : आईवडिलांना घेऊन चांदोबाच्या लिंबाचं रिंगण बघायला जायचंय. गोल रिंगण आणि उभं रिंगण यात फरक काय आणि तिथं गेल्यावर काय काळजी घ्यायची? (वाई)

नीरा नदीत पादुकांना स्नान घालून पालखी पुणे जिल्ह्यातून आपल्याकडं येते, लोणंदला मुक्काम होतो आणि मग तरडगावच्या वाटेवर चांदोबाचा लिंब लागतो, तिथं वारीतलं पहिलं उभं रिंगण. रस्त्यावरच दिंड्या दोन्ही बाजूंना सरकून उभ्या राहतात आणि मधल्या मोकळ्या वाटेनं दोन अश्व दौडतात, एकावर जरीपटका घेतलेला स्वार आणि दुसरा मोकळा, तो माऊलींचा, त्यावर माऊली स्वतः बसलेत असं मानतात. गोल रिंगण पुढं सोलापूर जिल्ह्यात, पुरंदवडे, खुडूस वगैरे ठिकाणी मोठ्या मैदानात होतं, तिथं आधी पताकावाले धावतात, तुळसवाल्या बाया धावतात, विणेकरी धावतात आणि मग अश्व.

अश्व गेले की लोक त्यांच्या टापाखालची माती कपाळाला लावायला धावतात, नेमकी तेव्हाच चेंगराचेंगरी होते. आईवडील वयस्कर असतील तर त्यांना आधीच कडेला उंचवट्यावर बसवा, माती तुम्ही आणून द्या. गाडी घेऊन अगदी जवळ जाता येईल हे डोक्यातून काढा, रस्ता बंद असतो, सकाळी लवकर निघा आणि पाणी, टोपी, इरलं किंवा छत्री बरोबर घ्या. सेल्फीसाठी अश्वाच्या वाटेत पाय टाकू नका, जनावर बिथरतं.

आणि शक्य झालं तर रिंगण बघून लगेच माघारी फिरू नका, तरडगावच्या मुक्कामावर समाज आरतीला थांबा. लाखभर माणूस टाळ वाजवत असतं, चोपदार हातातला दंड वर करतो आणि एकदम सगळं थांबतं. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती दिंडी मात्र टाळ वाजवतच राहते, मग चोपदार तिथं जातो, ऐकून घेतो, निवाडा होतो. माईक नाही, अर्ज नाही. वारीत मला सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट ही, रिंगणापेक्षाही.

प्रश्न : दरवर्षी आषाढीला तुम्ही वारकऱ्यांच्या पावल्यांवर लिहिता. आमची बिरोबाची गजी पण भक्तीच आहे, ती तुम्हाला दिसत नाही का? (तालुका कवठेमहांकाळ)

भाऊ, राग बरोबर आहे. आरेवाडीच्या बिरोबाच्या बनात गजी मंडळ उतरलं की काय होतं ते ज्यानं बघितलंय तो विसरत नाही. पायघोळ पांढरा झगा, डोक्याला फेटा, हातात रंगीत रुमाल, ढोल आणि कैताळाची, म्हणजे मोठ्या झांजांची, घाई वाढत जाते तसं पाऊल वाढत जातं आणि वरून भंडारा उधळला की सगळं पिवळं. मधे मधे ओवी होते, सुंबरान, म्हणजे देवाचं स्मरण, मांडलं जातं, बिरोबाची जन्मकथा रात्र रात्र चालते, ती कुठं लिहिलेली नसते, माणसाच्या पाठांतरात असते. गुंथर सोंथायमर नावाचा जर्मन अभ्यासक या ओव्या ऐकायला आणि टेप करायला धनगरांच्या वाड्यावाड्यांवर हिंडला, आपल्याला मात्र शेजारच्या तालुक्यात जायला जमत नाही.

आणि वारकरी वेगळे, गजी वेगळी असं तरी कुठंय? कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेव एका देवळात बसलेत, धनगर त्यांना भाऊ मानतात. रा. चिं. ढेऱ्यांनी तर विठ्ठलाचं मूळच गवळी-धनगरांच्या लोकदेवात शोधलंय, काहींना ते पटतं, काहींना नाही, मला पटतं. फरक एवढाच दिसतो की हरिपाठात आपण अभंगाच्या मागं चालतो आणि गजीत ढोलाच्या मागं, आणि गजीत शिकणं बहुतेक घरातच होतं, बापाच्या मागं पोरगा. आता मेंढरामागं फिरणारी घरं कमी झाली, पोरं शाळा-कॉलेजला गेली, ओवी म्हणणारा माणूस गावात एखादाच राहिला. तुमच्या भागात असा कुणी असेल तर मोबाईल समोर ठेवून त्यांची ओवी सलग रेकॉर्ड करा, एडिट न करता, त्यांना विचारून. नाच पोरं बघून उचलतात पण ओवी गेली की परत येत नाही. दसऱ्याच्या अंकात पूर्ण सदर गजीचं करू, तुम्हीच प्रश्न पाठवा.

प्रश्न : प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. आषाढीला दिंडी काढतो, पोरांना पावली शिकवायची आहे. काय गाणं लावू? (तासगाव)

बाई, गाणं लावूच नका. स्पीकर लागला की पोरांचं तोंड बंद होतं आणि ती नुसती हातवारे करतात. 'ज्ञानोबा माऊली तुकाराम' एवढंच पोरांना म्हणू द्या, ते पहिलीतल्या पोराला पण येतं आणि त्यावर पाऊल आपोआप पडतं. एकच पावली शिकवा. मोठे टाळ लहान पोरांना देऊ नका, मनगट दुखतं आणि एकमेकांच्या डोक्यात बसतात, झांजा किंवा चिपळ्या द्या नाहीतर नुसत्या टाळ्या. गावातल्या एखाद्या भजनी आजोबांना आठवडाभर अर्धा तास बोलवा, ते पैसे घेणार नाहीत, चहा घेतील. आणि विठ्ठल-रुक्मिणी कोण होणार यावरून दरवर्षी पालकांची भांडणं होतात तर चिठ्ठ्या टाका. शेवटी सगळ्यांनी एकमेकांच्या पाया पडायचं, त्यात शिपाईमामा आणि हेडसर पण आले. वर्गात मुसलमान पोरं असतील तर त्यांना आवर्जून घ्या, शेख महंमद श्रीगोंद्याचे, ते पण याच पंगतीतले.

प्रश्न : वय अडुसष्ट, गुडघे गेलेत, डॉक्टर उडी मारू नका म्हणतात. आयुष्यभर पावल्या खेळलो, आता बाजूला बसवत नाही. (तालुका फलटण)

काका, डॉक्टरांचं ऐका आणि बाजूला पण बसू नका. वीणा घ्या. सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत, रात्रंदिवस पहारा असतो, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. रात्रीच्या पहाऱ्याला सगळीकडं माणूस कमी पडतो, त्यासाठी तुमच्यासारखा माणूस गावाला पाहिजेच आहे. उभं राहणं जड जात असेल तर अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळ्या लावून घ्या. आणि वर कोरेगावच्या दादांचा प्रश्न वाचलात ना, तसा एखादा तुमच्या गावात पण खांबाला टेकून उभा असेल, त्याच्या समोर जाऊन नुसतं पाऊल हलवा, उडीची गरज नाही.

प्रश्न : पावसाळ्यात मृदंग उतरतो, ऐन हरिपाठात आवाज बसतो. काय करू? वर्षभरच झालंय शिकायला लागून. (तालुका पाटण)

भावा, पाटणच्या पावसात कातडं ओल धरणारच, त्यानं ते सैल होतं आणि सूर खाली येतो, यात तुझा दोष नाही. हरिपाठाच्या अर्धा तास आधी देवळात जाऊन खोळ काढून ठेव म्हणजे तिथल्या हवेला मृदंग बसतो, मग गठ्ठे, म्हणजे वादीखालचे लाकडी ठोकळे, हातोडीनं थोडे थोडे ठोकून सूर वर घे, सगळीकडून सारखं, एकाच बाजूला ठोकलं की पुडी, म्हणजे तोंडावरचं कातडं, एकीकडं ओढली जाते. धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, कणीक नेहमीपेक्षा कमी लाव, ओल असताना जास्त लावली की आवाज अजून खाली जातो आणि गदगदतो. कणीक घट्ट मळ, पातळ नको. वाजवून झालं की लगेच खरवडून काढ आणि कोरड्या फडक्यानं पूस, तशीच राहिली तर उंदीर येतात आणि पुडी कुरतडतात. चुलीजवळ किंवा हीटरपुढं कधी धरू नको, बाहेरून तडकन वाळतं आणि चीर जाते. उजव्या तोंडावरच्या काळ्या शाईला ओला हात लावू नको. एवढं करून पण उतरला तर त्याच सुरात वाजव, टाळकऱ्यांना लय पाहिजे असते, ती सोडू नको, आणि दिवाळीनंतर पुडी बदलून घे.